वकिलीणबाईंची बारव

वकिलीणबाई कुणाच्याही तोंडाकडे आधी बघत नसत, पायांकडे बघत. मी कचेरीत नवा होतो. त्या पहिल्यांदा माझ्या मेजासमोर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा मी मान वर करून "काय काम?" म्हणालो, तर बाई वाकून मेजाखाली बघत होत्या. मला वाटलं, त्यांचं काही पडलं असेल.

"जोडे काढा," त्या म्हणाल्या.

"का?"

"काढा तर."

का कोण जाणे, मी काढले. त्यांनी माझे दोन्ही घोटे नीट पाहिले, मान हलवली. "ठीक हाय. शहरातले दिसता. आडाचं पाणी प्यालेले." आणि मग हातातला अर्ज पुढे केला.

कचेरी तालुक्याची होती. तालुक्याचं नाव सांगत नाही. तो मुलूख आज जालना जिल्ह्यात मोडतो. तेव्हा जालना जिल्हाच नव्हता, राज्य निजामाचं होतं आणि कचेरीचा कारभार उर्दूत चाले. मी मराठी घरातला, पण शाळा सगळी उर्दूत झालेली. म्हणून मला काम मिळालं ते तर्जुम्याचं. मराठीत आलेले अर्ज, तक्रारी, पत्रं यांचं उर्दू करून तहसीलदारांपुढे ठेवायचं. हुद्दा कारकुनाचा, पण लोक मुन्शी म्हणत. बाई शेवटपर्यंत मुन्शीच म्हणाल्या.

बाईंचे यजमान वकील होते आणि तालुक्यातल्या चळवळीचे पुढारी. पांढरी टोपी, खणखणीत आवाज. बाजारच्या दिवशी चावडीसमोर बोलायला उभे राहिले की कापसाच्या गाड्या थांबत. त्यांच्याविषयी सांगणारे अजून पुष्कळ आहेत. बाईंविषयी सांगायला मी एकटाच उरलो असेन, आणि मीही पडलो सरकारच्या बाजूचा माणूस. तेव्हा जे पाहिलं, वाचलं तेवढंच सांगतो.

त्या अर्जात एका बारवेची गोष्ट होती. वडीगोद्रीच्या पलीकडे एक लहान गाव होतं. गावाला पाणी एकच, जुनी दगडी बारव, खालपर्यंत पायऱ्या असलेली. बायका घागर घेऊन पायऱ्या उतरायच्या, गुडघाभर पाण्यात उभ्या राहून घागर बुडवायच्या. आणि त्या गावात घरटी एकदोन माणसं दर उन्हाळ्यात नारूनं अंथरुणाला खिळलेली असायची. नारू आता कुणाला माहीत नाही, बरंच झालं. पायाला फोड येतो, फोड फुटतो आणि आतून दोऱ्यासारखा जंत बाहेर येऊ लागतो. तो ओढून काढता येत नाही, तुटला तर पाय सडतो. म्हणून त्याचं टोक काडीला गुंडाळायचं आणि रोज बोटभर फिरवायचं. महिना महिना माणूस काडी बांधून पडून राहतो. तो पाय पाण्यात पडला की नारूची पिल्लं पाण्यात, आणि ते पाणी प्यालेल्या माणसाला पुढल्या साली नारू.

"पायऱ्या बुजवा, वर कठडा बांधा, रहाटानं पाणी काढू द्या. कुणाचा पाय पाण्याला लागला न्हाई तर नारू जाईल," असा त्या अर्जाचा सारांश. अर्ज बराबर लिहिलेला होता. फक्त तो चौथा अर्ज होता. आधीचे तीन आमच्याच दफ्तरात होते.

मी म्हणालो, "बाई, बारव सरकारी आहे. वरून हुकूम यावा लागतो."

"बरं. मंग पुढं?"

हे त्यांचं नेहमीचं. कुणी रडगाणं गावो, कुणी अडचण सांगो, कुणी तासभर देशाच्या स्थितीवर बोलो, बाई सगळं शांतपणे ऐकून घ्यायच्या आणि विचारायच्या, "बरं. मंग पुढं?" वकीलसाहेबांचे मित्र या तीन शब्दांना फार भीत असत, असं मी ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कचेरीत आलो तर बाई व्हरांड्यात सूप घेऊन बसलेल्या. तूर निवडत होत्या. शिपायानं हटकलं तर म्हणाल्या, "हुकूम यायची वाट बघून राह्यले. रिकामं काय बसायचं?" त्या दिवसापासून आठवड्यातून दोन दिवस त्या यायच्या. स्वतःची तूर संपली तेव्हा शेजारणीची आणली, मग शिपायाच्या घरची. शेवटी शेवटी तहसीलदारांच्या घरची डाळही व्हरांड्यातच निवडून जाऊ लागली. तहसीलदार हैदराबादेकडचे, अदबशीर गृहस्थ. त्यांना हे फार अवघड वाटे. ते बाईंना आत बोलावून खुर्ची देत, पाणी देत. बाई खांद्यावरचं धुतलेलं धोतराचं फडकं काढायच्या, दुहेरी करून दुसऱ्या पेल्यावर धरायच्या, त्यातून सरकारी पाणी गाळून मगच प्यायच्या. तहसीलदार हे बघून ओशाळे होत. पण दोन महिन्यांनी त्यांच्या मेजावरच्या सुरईच्या तोंडाला मलमल बांधलेली मी पाहिली.

वकीलसाहेबांना त्याच सुमारास पकडलं होतं. राज्याविरुद्ध भाषण केलं म्हणून दूरच्या तुरुंगात ठेवलं होतं. त्यांची घरची पत्रं जाताना येताना आमच्या कचेरीतून जायची, आणि ती वाचून त्यांचा उर्दू तर्जुमा करायचं काम माझ्याकडे होतं. दुसऱ्याच्या बायकोची पत्रं वाचायची मला पहिले काही दिवस लाज वाटली. मग सवय झाली. बाईंचं पहिलं पत्र असं सुरू होतं : "वाचणाऱ्या मुन्शीला नमस्कार. तुमचं काम तुम्ही करा. आता पुढचं यांच्यासाठी." खाली घरची खुशाली चार ओळी, आणि मग दोन पानं बारव. त्यानंतरचं प्रत्येक पत्र तसंच. एकदा लिहिलं होतं, "मुन्शी, तुमचं पोर आजारी हाय ऐकलं, पाणी उकळून द्या. आता यांच्यासाठी." मी तेवढी ओळ तर्जुम्यातून गाळली.

बारवेचं हे वेड त्यांना कुठून लागलं, ते मी एकदा विचारलं होतं. व्हरांड्यात सुपातल्या तुरीवरून नजर न उचलता त्यांनी सांगितलं.

"लग्नाला वरीस झालं नव्हतं. राजूरला गणपतीला गेल्तो. येताना एका गावात ह्यांचं भाषण ठरलं. झाडाखाली समदा गाव बसला. म्होरं एक बाई बसल्ती, पाय लांब करून. पायातून नारू निघालेला, काडीला गुंडाळलेला. हे दोन तास बोलले, ती दोन तास बसली. टाळ्याबी वाजवल्या तिनं. घरी येताना हे म्हणले, गर्दी चांगली होती. मी म्हणले, ती काडी बघितली का? हे म्हणले, कोणती काडी?"

एवढं सांगून त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली. "माणूस वाईट न्हाई," त्या म्हणाल्या. "त्यांना लांबचं दिसतं. मला जवळचं दिसतं. दोन्ही पाहिजेच की."

मग माफीनाम्याची गोष्ट झाली. वरून तहसीलदारांवर दाब आला होता. तालुक्यातल्या एखाद्या बड्या कैद्यानं माफी लिहून दिली तर बाकीचे गप्प होतील, असा वरचा हिशेब. एके दुपारी तहसीलदारांनी बाईंना आत बोलावलं. मी कोपऱ्यात कागद घेऊन बसलो होतो.

"बाईसाहेब," तहसीलदार म्हणाले, "वकीलसाहब दो लाइन लिख दें, तो वो घर आ जाएँगे. और आपकी बावली का हुक्म मैं उसी दिन निकालता हूँ. पत्थर, चुना, सब सरकारी खर्चे से."

बाईंनी या वेळी "मंग पुढं?" विचारलं नाही हे मला आठवतं, कारण मी त्याची वाट पाहत होतो.

"हुकूम खरंच काढताल?"

"मेरी ज़बान है."

"कागद द्या," बाई म्हणाल्या.

आणि तिथेच बसून त्यांनी नवऱ्याला पत्र लिहिलं. मी ते वाचलं, म्हणून शब्द आठवतात. "तहसीलदार म्हणतात तुम्ही माफी लिहून दिली तर बारवेचा हुकूम निघतो. माझं मत असं की लिहून द्यावी. तुमचा मान मोठा आहे हे मला कळतं. पण गावात यंदा एकतीस पाय मी मोजले, त्यात अकरा पोरांचे. तुमची माफी लोक वर्षात विसरतील. नारू वर्षानं परत येतो. तुम्हाला पटत नसेल तर लिहू नका, मी रागवणार नाही. पण मी विचारलं नाही असं नको."

पुढाऱ्याच्या बायकोनं असं पत्र लिहावं, हे मला त्या वयात धक्कादायक वाटलं. आज वाटत नाही.

तहसीलदारांनी पत्र पाठवलं, पण त्याआधी माझ्याकडून त्याची नक्कल करून घेतली. नक्कल करताना म्हणाले, बारवेचं काही लिहू नका, तेवढं गाळा. राहिलं काय, तर "माझं मत असं की माफी लिहून द्यावी" आणि खाली बाईंचं नाव. दुसऱ्या दिवशी तो कागद, माझ्या अक्षरातला, बाजारातल्या चावडीच्या भिंतीवर इश्तिहार म्हणून चिकटवला गेला. वकीलसाहेबांची बायकोच माफी मागायला सांगते, हे गावाला दाखवायचं होतं.

गावानं बघितलं. ज्यांनी बाईंच्या ओसरीवर चहा पिऊन सभा घेतल्या होत्या त्यांनी त्यांच्या दारावरून जाणं सोडलं. पाणी भरणारी बाई यायची बंद झाली. चळवळीतल्या एका तरुणानं त्यांना भर रस्त्यात "सरकारची माणूस" म्हटलं. मी हे सगळं ऐकत होतो आणि मान खाली घालून तर्जुमे करत होतो.

तिसऱ्या दिवशी बाजार होता. बाई चावडीसमोर आल्या. लोक बाजूला झाले. त्यांनी भिंतीवरचा कागद वाचला, पुन्हा एकदा वाचला, आणि बाजूच्या हिशेबनिसाला म्हणाल्या, "पेन्सिल द्या जरा." कागदाच्या खाली बरीच जागा रिकामी होती. तिथं त्यांनी, मोठ्या अक्षरात, गाळलेला सगळा मजकूर लिहून काढला. बारव, एकतीस पाय, अकरा पोरं, सगळं. शेवटी कंसात लिहिलं : "मुन्शीकडून एवढं राहिलं होतं." पेन्सिल परत दिली आणि कांदे घ्यायला गेल्या.

तहसीलदारांनी इश्तिहार त्याच दिवशी काढून टाकला. पण तोवर बाजार भरला होता.

वकीलसाहेबांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. लहानसा कागद, दोनच ओळी. "सही करणार नाही. बारव तू कर, हुकमाची वाट बघू नकोस." मी त्याचा तर्जुमा केला. तहसीलदारांनी वाचला. "ये ख़त नहीं जाएगा," म्हणाले. "ये तो फ़साद की दावत है." मी कागद घडी करून कपाटात ठेवला. महिन्याभरात तहसीलदारांची बदली झाली. जाताना त्यांनी मला मलमल बांधलेली ती सुरई दिली, पत्राविषयी काहीच बोलले नाहीत. नव्या तहसीलदारांना त्या पत्राची खबर नव्हती. खबर होती ती मला एकट्याला.

बाईंना कळलं ते एवढंच, की माफी आली नाही, हुकूम निघाला नाही आणि नवऱ्याचं उत्तर नाही. एकदा व्हरांड्यात त्यांनी मला विचारलं, "मुन्शी, ह्यांचं काही आलं का?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. पायांकडे नाही, तोंडाकडे. मग म्हणाल्या, "रागावले असतील. रागावू द्या." आणि सूप उचलून गेल्या. त्यानंतर त्या कचेरीत बसायला आल्या नाहीत.

त्या सरळ बारवेवर गेल्या.

कैद्यांची घरची पत्रं तोवर वरून बंद झाली होती, म्हणून पुढचं मी नंतर पंचनाम्याच्या कागदांत वाचलं आणि काही लोकांकडून ऐकलं. बाई त्या गावात जाऊन राहिल्या, गंगूबाई नावाच्या एका विधवेच्या घरी. गंगूबाईला तीन वर्षं ओळीनं नारू झालेला, तिची तीन पेरण्या गेलेल्या. गाव आधी तयार नव्हतं. कारण बारवेच्या खालच्या पायरीवर साती आसरांचे शेंदूर लावलेले सात दगड होते. पायऱ्या बुजवल्या तर आसरा कोंडल्या जातील, कोपतील, पाणी आटेल, असं पाटील म्हणत होते. बाईंच्या बोलण्यानं कुणी हललं नाही. हललं ते गंगूबाईच्या बोलण्यानं. ती काठी टेकत सगळ्यांच्या मधे उभी राहिली आणि म्हणाली, "आसरा रातंदिस पाण्यातच उभ्या हायत. त्यांच्याबी पायाला नारू झाला असंल, कुणी इचारलं का त्यांला? वर आणा त्यांला. उन्हात बसू द्या जरा."

लोक हसले, आणि हसल्यावर विरोध करणं अवघड झालं. सात दगड गंगूबाईनं एकेक करून स्वतः वर आणले, लंगडत. जालन्याहून हुसेन मिस्त्री आणले होते. कठड्यातच एक कोनाडा ठेवून त्यांनी दगड तिथं बसवले, चुन्यात घट्ट. बाईंनी आपल्या बांगड्या विकल्या, गावानं गाड्या आणि दगड दिले, मिस्त्रींनी मजुरी निम्मी घेतली. पंधरा दिवसांत पायऱ्या बुजल्या. कठड्यावर रहाट चार बसवले, चारी बाजूंना. पाटलांनी विचारलं, चौथा कुणासाठी? बाईंनी वेशीबाहेरच्या वस्तीकडे बोट दाखवलं. त्यावरून भांडण झालं ते वेगळंच, आणि खरं सांगायचं तर त्या चौथ्या रहाटाला दोर लागायला आणखी बरीच वर्षं गेली. तेवढं बाईंनाही जमलं नाही.

पाटलांनी फिर्याद दिली. सरकारी बारवेची नासधूस. पोलिसांचे अमीन आले, बाईंना घेऊन गेले. मिस्त्रींनाही नेणार होते, तेव्हा बाई म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय, मी सांगितलं तसं त्यांनी बांधलं." मिस्त्री म्हणाले, "कळतंय कसं न्हाई? चाळीस साल बांधून राह्यलो." बाईंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गप्प बसले.

मुन्सिफांपुढे खटला उभा राहिला तेव्हा तर्जुम्याला मी होतो. मुन्सिफ वयस्क, दमेकरी, भल्या स्वभावाचे. त्यांना एका वकिलाच्या बायकोला तुरुंगात घालायचं नव्हतं, हे दिसत होतं. ते वाट शोधत होते.

"बाई, हे काम तुम्ही नवऱ्याच्या सांगण्यावरून केलं का?" त्यांनी माझ्यामार्फत विचारलं. "औरत शौहर का हुक्म मानती है. तसं असेल तर मी तुम्हाला ताकीद देऊन सोडतो."

माझ्या हातात कागद होते, आणि कपाटात तो दोन ओळींचा कागद होता. "बारव तू कर." कचेरी समोरच. उठून आणायला पाच मिनिटं लागली असती. वकीलसाहेब आधीच आत होते, त्यांचं आणखी काय वाईट होणार होतं? पण वरिष्ठांनी दाबलेला कागद बाहेर काढणारा कारकून दुसऱ्या दिवशी कारकून राहत नाही. माझं लग्न झालेलं होतं, पोर आजारी होतं. मी प्रश्नाचा तर्जुमा केला आणि गप्प उभा राहिलो.

"न्हाई," बाई म्हणाल्या. "ह्यांनी काही सांगितलं न्हाई. माझ्या मनानं केलं."

"नीट विचार करा."

"तीन वर्षं विचारच करून राह्यले, साहेब."

तीन महिन्यांची सजा झाली. उन्हाळ्याच्या तोंडाशी त्या सुटल्या, जालन्याला गाडीतून उतरल्या आणि घरी न येता आधी त्या गावात गेल्या. रहाट फिरत होते. नारू त्या साली होताच, कारण तो आदल्या वर्षीच्या पाण्याचा होता. पाटलांनी सांगून पाहिलं, बघा, आसरा कोपल्या. बाई म्हणाल्या, "एक वरीस थांबा."

ते वर्ष वाईट गेलं. संस्थानचे शेवटचे दिवस होते. गावागावांत भय होतं, माणसं घरं सोडून जात होती, एकाच गल्लीत जन्म काढलेले लोक एकमेकांच्या नजरा चुकवत होते. हुसेन मिस्त्रींचं कुटुंब काही दिवस गंगूबाईच्या अंगणात राहिलं, आणि त्याआधी गंगूबाईची म्हैस मिस्त्रींच्या गोठ्यात राहिली होती. तालुक्यात इतरत्र काय झालं ते सांगायचा माझा अधिकार नाही. पण त्या उन्हाळ्यात त्या गावातल्या कुणाच्याही पायाला काडी बांधलेली नव्हती. बाई घरोघर जाऊन पाय बघून आल्या. एवढ्या धामधुमीत ही बातमी कुणाच्या लक्षात आली नाही.

मग फौजा आल्या, राज्य गेलं. तुरुंग उघडले. वकीलसाहेब घरी आले तेव्हा स्टेशनापासून मिरवणूक निघाली. सत्काराची सभा आमच्या कचेरीसमोरच्या मैदानात होती. कचेरीचे सगळे लोक सभेला गेले होते. मी एकटा दारं उघडी टाकून आत बसलो होतो, कारण जायला मला तोंड नव्हतं. भाषण मात्र खिडकीतून स्वच्छ ऐकू येत होतं.

वकीलसाहेब चांगले बोलले. शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाले, "आणि माझ्या पत्नीविषयी लोक काहीबाही बोलले, असं मला समजलं. तिनं मला माफीचं विचारलं, हे खरं. पण मी तुरुंगातून तिला लिहिलं, सही करणार नाही, बारव तू कर. आणि तिनं माझा शब्द मानला. बारव केली, तुरुंगात गेली. अशी सहधर्मचारिणी मिळाली हे माझं भाग्य!"

टाळ्यांचा एवढा कडकडाट झाला की कचेरीच्या वळचणीतली कबुतरं उडाली.

टाळ्या संपायच्या आत बाई दारात उभ्या होत्या. बायकांच्या घोळक्यातून उठून आल्या असाव्यात. धाप लागलेली. चेहरा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता तसा.

"मुन्शी, असं पत्र आल्तं का?"

मी उठलो, कपाट उघडलं, कागद काढून दिला.

त्यांनी तो उभ्यानंच वाचला. दोन ओळी वाचायला त्यांना फार वेळ लागला. "खरंच लिहिलं होतं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मला वाटलं, लोकांसमोर थाप मारून राह्यले." मग बाकावर बसल्या. डोळ्यांना पदर लावला. मी दुसरीकडे बघत राहिलो.

"कधी आल्तं?"

"तुम्ही बारवेवर जायच्या आधी. मला ठेवून घ्यायचा हुकूम होता." आणि मग राहिलेलंही मी सांगून टाकलं. "मुन्सिफांनी विचारलं तेव्हासुद्धा हे माझ्याकडे होतं, बाई. मी दाखवलं असतं तर तुम्ही सुटला असता."

त्या शिव्या देतील, निदान उठून जातील, असं मला वाटलं. त्यांनी कागद मांडीवर सरळ केला, त्यावरून हात फिरवला.

"सुटले असते," त्या म्हणाल्या, "आन् बारव ह्यांची झाली असती."

बाहेर हार घालणं सुरू झालं होतं. एकेकाचं नाव पुकारत होते.

"मुन्शी, तुमच्याकडं पत्र आलं की मागं तारीख घालता ना?"

"घालतो."

"मंग घाला. आजची. मला आज मिळालं म्हणून लिहा."

मी पत्र उलटं केलं. लिहिलं : "हे पत्र बाईंना आज मिळाले. याआधी दिले गेले नव्हते." तारीख घातली. शिक्का शोधू लागलो, तर जुन्या राज्याचा शिक्का मेजावर होता आणि तो आता चालत नव्हता. नवा अजून आला नव्हता.

"शिक्का न्हाई," मी म्हणालो.

"तुमचं नाव हाय ना? ते लिहा."

तोवर मी हजारो कागद लिहिले असतील, पण माझं पूर्ण नाव खाली घालायची वेळ कधी आली नव्हती. मी सही केली. बाईंनी शाई वाळायची वाट पाहिली, घडी घातली आणि सभेत परत गेल्या.

मी दारापर्यंत गेलो. मंचावर जाऊन त्यांनी कागद वकीलसाहेबांच्या हातात दिला. साहेबांनी गळ्यातले हार बाजूला सारले, चष्मा लावला. आधी आपल्याच हातच्या दोन ओळी वाचल्या आणि हसले. मग कागद उलटा केला. हसू थांबलं. त्यांनी मागची बाजू वाचली, पुन्हा पुढची वाचली, आणि मान वर करून बायकोकडे कितीतरी वेळ बघत राहिले. लोकांना वाटलं, कसलं तरी अभिनंदनाचं पत्र असेल. सभा थांबून राहिली.

मग वकीलसाहेब उठले. गळ्यातले सगळे हार काढून त्यांनी खुर्चीवर ठेवले आणि, ज्या माणसाला मी कधी अडखळताना ऐकलं नव्हतं, तो अडखळत म्हणाला, "मघाशी मी जे बोललो, ते बराबर नव्हतं. माझं पत्र हिला मिळालंच नव्हतं. बारव हिनं आपल्या मनानं केली." आणि म्हणाले, "मी विचारलंसुद्धा नव्हतं, कितीजणांचे पाय होते ते."

या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणाला कळलं नाही.

"एकतीस," बाई म्हणाल्या, आणि मंचाच्या पायऱ्या उतरून बायकांत जाऊन बसल्या.